कार्श्याची दोन वर्णने : बँटिंगचे पत्र व मिनेसोटाचा ग्रंथ

१

देहाचे वजन उतरणे ही घटना सामान्यतः वजाबाकीच्या भाषेत सांगितली जाते. अमुक पौंड होते, अमुक उरले. मधला फरक हा प्रसंगपरत्वे लाभ किंवा हानी. ह्या भाषेमागे एक गृहीत असते. वजन उतरलेला माणूस म्हणजे पूर्वीचाच माणूस, फक्त काही पौंडांनी उणा, असे ते गृहीत होय. प्रत्यक्षात मात्र कृश होणाऱ्या व्यक्तीला भर उन्हाळ्यात थंडी वाजते, तिचे केस गळतात, बसताना हाडे रुततात, क्षुल्लक कारणाने तिचा तोल जातो आणि एरवी जिवाभावाची असलेली माणसे तिला नकोशी होतात. ह्या गोष्टी वजाबाकीत बसत नाहीत. म्हणून कार्श्याविषयीच्या कोणत्याही लेखनाची कसोटी अशी मानता येईल, की काट्यावर न दिसणाऱ्या ह्या परिणामांना त्या लेखनात कितपत जागा मिळाली आहे, आणि मिळाली नसल्यास ती का मिळाली नाही.

ह्या कसोटीवर दोन ग्रंथांचा विचार येथे योजिला आहे. पहिला विल्यम बँटिंग ह्या लंडनच्या व्यावसायिकाने १८६३ मध्ये प्रसिद्ध केलेले स्थूलतेविषयीचे जाहीर पत्र. दुसरा अँसेल कीज, योसेफ ब्रोझेक, ऑस्टिन हेन्शेल, ओलाफ मिकेल्सन व हेन्री लाँगस्ट्रीट टेलर ह्या पाच संशोधकांचा, मानवी उपासमारीच्या जीवशास्त्रावरील द्विखंडात्मक ग्रंथ. तो मिनेसोटा विद्यापीठाने १९५० मध्ये प्रकाशित केला. पहिला ग्रंथ म्हणजे एक छोटीशी पुस्तिका, दुसऱ्याची पृष्ठे तेराशेंहून अधिक. पहिल्याचा लेखक सामान्य गृहस्थ, दुसऱ्याचे लेखक शास्त्रज्ञ. पहिल्यात स्थूल माणूस स्वेच्छेने कृश होतो. दुसऱ्यात निरोगी तरुणांना प्रयोगासाठी कृश केले जाते. इतके भेद असताना दोहोंना एका पंक्तीस बसविण्याचे कारण एका आकड्यात आहे. बँटिंगचे वजन २०२ पौंडांवरून १५६ पौंडांवर आले, म्हणजे सुमारे २३ टक्क्यांनी घटले. मिनेसोटातील तरुणांचे सरासरी वजन ६९.४ किलोग्रॅमवरून ५२.६ वर आले, म्हणजे सुमारे २४ टक्क्यांनी घटले. वजाबाकी जवळजवळ एकच. परंतु एक कथा मुक्तीची आहे व दुसरी विघटनाची. हा विरोध कोठून आला, हाच येथील प्रश्न होय.

२

बँटिंगच्या घराण्याचा व्यवसाय अंत्ययात्रांची व्यवस्था पाहण्याचा होता, आणि राजघराण्यातील अंत्यविधीही त्या घराण्याकडे असत. ऑगस्ट १८६२ मध्ये त्याचे वय पासष्टीच्या पुढे, उंची पाच फूट पाच इंच व वजन २०२ पौंड होते. वाकून बुटाचे बंद बांधणे त्याला जमत नसे. जिना उतरताना तो पाठमोरा, हळूहळू उतरे. नौकावल्हन, स्नाने, औषधे असे अनेक उपाय त्याने केले होते. अखेर तो एका वैद्याकडे गेला तो स्थूलतेसाठी नव्हे, तर ऐकू कमी येऊ लागले म्हणून. विल्यम हार्वे हा कानाचा शल्यवैद्य होता (रक्ताभिसरण शोधून काढणारा हार्वे तो हा नव्हे). कानातील दोष देहाच्या मेदाशी निगडित आहे असे मानून त्याने पाव, लोणी, दूध, साखर, बिअर व बटाटे वर्ज्य करण्यास सांगितले. मांस, मासे, फळे ह्यांना मुभा ठेवली आणि मद्याचे काही पेलेही अनुज्ञात केले. वर्षभरात ४६ पौंड उतरले, कंबरेचा घेर सव्वाबारा इंचांनी कमी झाला, आणि दृष्टी व श्रवण दोन्ही सुधारल्याचे बँटिंग आवर्जून नमूद करतो.

ह्या पत्राचे बळ त्याच्या साधेपणात आहे. लेखकाला शास्त्र ठाऊक नाही आणि ठाऊक असल्याचा आव तो आणीत नाही. आपल्याला काय करता येत नव्हते व आता काय करता येते, एवढेच तो सांगतो. आणि त्यामुळे देहाचे वजन प्रथमच पौंडांखेरीज दुसऱ्या मापाने मोजले जाते. बुटाचे बंद व जिन्याच्या पायऱ्या ही त्याची मापे आहेत. भावनिक बाजूही त्याने लपविलेली नाही. सार्वजनिक ठिकाणी व वाहनांतून होणाऱ्या उपहासामुळे आपण लोकांत जाणे टाळीत होतो, हे व्हिक्टोरियाकालीन प्रतिष्ठित गृहस्थाने छापून सांगणे ही लहान गोष्ट नव्हे. पहिल्या दोन आवृत्त्या त्याने स्वखर्चाने फुकट वाटल्या. पत्राचा प्रसार इतका झाला, की त्याच्या आडनावावरून इंग्रजीत वजन उतरविण्याचे क्रियापद तयार झाले. स्वीडिश भाषेत ‘बांता’ हे क्रियापद त्याच अर्थाने अद्यापि रूढ आहे.

तथापि, ह्या पत्रात एक मोठी पोकळी आहे. त्याला आरंभ आहे, शेवट आहे. मधला भाग नाही. तारखांपुढे पौंड मांडलेले कोष्टक दिलेले आहे, परंतु दोन तारखांच्या मधल्या दिवसांत त्या माणसाला काय वाटत होते हे त्या कोष्टकाला विचारता येत नाही. भूक लागली का, झोप कशी होती, मन कशाकडे धावत होते, ह्यांविषयी पत्र बहुतांशी मौन बाळगते. ह्याचे एक कारण वस्तुस्थितीत असावे. बँटिंगचे वजन आठवड्याला एक पौंडाहूनही कमी गतीने उतरले, त्याच्या ताटात तृप्ती देणारे अन्न भरपूर होते, आणि अखेरचे १५६ पौंड हे वजनही त्याच्या उंचीच्या मानाने कमी नव्हते. त्याचा देह टंचाईच्या सीमेपर्यंत पोहोचलाच नाही. पण दुसरे कारण लेखनप्रकारात आहे. हे कृतज्ञतेचे व प्रचाराचे पत्र आहे. तारण पावलेल्या माणसाच्या निवेदनात पूर्वीचे दुःख व नंतरचे सुख ह्यांनाच स्थान असते. मार्गातील शंका व थकवा ह्यांना नसते. बँटिंग पुढे १८७८ पर्यंत, वयाच्या ८१ व्या वर्षापर्यंत जगला. परंतु त्याच्या पत्राने जो साचा घालून दिला तो त्याच्याहून दीर्घायुषी ठरला. वजन उतरविल्याच्या जाहिरातीत आजही ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ अशी दोनच चित्रे असतात.

३

मिनेसोटाचा ग्रंथ ह्या मधल्या भागाचाच ग्रंथ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपातील उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे खाऊ घालावे ह्याविषयी निश्चित ज्ञान नव्हते. ते मिळविण्यासाठी, सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र धरण्यास नकार दिलेल्या ३६ तरुणांनी आपले देह प्रयोगासाठी दिले. मिनीआपोलिस येथील विद्यापीठाच्या क्रीडागाराखालील प्रयोगशाळेत नोव्हेंबर १९४४ मध्ये प्रयोगास आरंभ झाला. बारा आठवडे नेहमीचा पुरेसा आहार, मग २४ आठवडे अर्धपोटी आहार आणि त्यानंतर बारा आठवडे पुनर्भरण, असा त्याचा क्रम होता. अर्धपोटी काळात दिवसाला सरासरी सुमारे १५७० उष्मांक मिळत, आणि तेही मुख्यत्वे पाव, बटाटे, कोबी, सलगम अशा युद्धकालीन युरोपच्या अन्नातून. आठवड्याला २२ मैल चालणे सक्तीचे होते. ह्या टप्प्यातून ३२ जणांचीच निरीक्षणे अखेर हिशेबात धरली गेली.

शरीराविषयीची निरीक्षणे त्या काळी अनेकांना अनपेक्षित वाटली असतील. देहाने मिळकतीप्रमाणे खर्च कमी केला. मूलभूत चयापचय सुमारे ४० टक्क्यांनी खाली आला. विश्रांतीच्या वेळचे हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी ५५ वरून ३५ पर्यंत उतरले. उन्हाळ्यातही अंगावर पांघरुणे लागू लागली. केस गळू लागले, भोवळ येऊ लागली, घोट्यांवर व चेहऱ्यावर सूज आली. म्हणजे शुष्क होणारा देह काही ठिकाणी फुगलेला दिसू लागला. नितंबांवरील मांस झिजल्याने साध्या खुर्चीवर बसणे दुःसह झाले. कामेच्छा मावळली. आणि ह्या सर्व ऱ्हासात एक इंद्रिय मात्र तीक्ष्ण झाले. चाचण्यांत ह्या तरुणांची श्रवणशक्ती पूर्वीपेक्षा सूक्ष्म आढळली.

मनाची निरीक्षणे ह्याहून विलक्षण आहेत. ज्यांना पूर्वी स्वयंपाकात रस नव्हता ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले. जेवण लांबविण्यासाठी अन्नाचे विचित्र मिश्रण करणे, ताट चाटून पुसणे, कॉफी व च्युइंग गम ह्यांचा अतिरेक करणे हे नित्याचे झाले. विनोद संपला, संभाषण आटले, एकांताची ओढ वाढली. तत्त्वासाठी तुरुंगवासाचीही तयारी असलेली ही माणसे चोरून खाऊ लागली, म्हणून बाहेर जाताना प्रत्येकाबरोबर एक साथीदार देण्याचा नियम करावा लागला. बुद्धिमापनाच्या चाचण्यांत त्यांचे गुण घटले नाहीत. परंतु आपली बुद्धी मंदावली आहे, चित्त एकाग्र होत नाही, असे ते स्वतः ठामपणे सांगत. शिवाय त्यांना आपण फारसे रोड झालो आहोत असे वाटेना. उलट भोवतालची धडधाकट माणसेच लठ्ठ दिसू लागली. डोळा तोच, पण मोजण्याचा गजच देहाबरोबर आकसला होता.

ग्रंथाची थोरवी अशी, की शास्त्रीय असूनही त्याने ह्या गोष्टींना किरकोळ मानून वगळले नाही. चाचणीचा निकाल व अनुभवाची ग्वाही ह्यांत विसंगती आढळली तेव्हा दोन्ही नोंदविण्यात आल्या. पण त्याच्या मर्यादाही स्पष्ट केल्या पाहिजेत. त्याचा स्वाभाविक आविष्कार सरासरीत होतो, आणि सरासरी ही कोणाही एका माणसाची नसते. पुनर्भरणाच्या काळात लाकूड तोडताना एका तरुणाने हाताची तीन बोटे गमावली. ते अपघाताने की हेतुपुरस्सर, हे त्याला स्वतःलाही निश्चित सांगता आले नाही. सरासरीच्या गद्यात हा प्रसंग अपवाद म्हणून जातो. वास्तविक प्रयोगाचा सारा आशय त्या अनिश्चिततेत एकवटला आहे. ज्याची इच्छाशक्ती प्रयोगाच्या आरंभी निःसंशय होती, त्याला आपल्याच हाताच्या हेतूची खात्री उरली नाही. दुसरी मर्यादा निवडीची. सर्व तरुण, सर्व पुरुष, सर्व मुळातच निरोगी व बेताच्या बांध्याचे. स्थूल प्रौढ स्त्रीच्या वजन उतरण्याविषयी ह्या ग्रंथावरून थेट विधान करणे अशास्त्रीय ठरेल.

४

बँटिंगच्या पत्राचा शेवट जेथे होतो तेथे मिनेसोटाच्या ग्रंथाचा सर्वांत महत्त्वाचा भाग सुरू होतो. अन्न परत मिळू लागले म्हणजे दुःख संपेल अशी सर्वांची अपेक्षा होती. घडले निराळेच. पुनर्भरणाच्या आरंभीच्या आठवड्यांत कित्येकांची मनःस्थिती अधिकच बिघडली, चिडखोरपणा वाढला. अल्प वाढीव आहाराने देह सावरेना. भरपूर अन्न देणे भाग पडले, आणि तेव्हाही पोट भरले तरी भूक शमत नसे. आलेले वजन प्रथम मेदाच्या रूपाने आले, स्नायू मागाहून भरले. मग हीच माणसे आपले पोट सुटल्याची तक्रार करू लागली.

पुढील संशोधनाने ह्या भागाला दुजोरा दिला. अब्दुल डुल्लू व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मिनेसोटाच्याच आकड्यांची फेरमांडणी करून दाखविले, की झिजलेल्या मांसाची भरपाई पुरी होईपर्यंत भूक वाढलेलीच राहते, आणि तोवर मेद पूर्वीच्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो. मेदातून निघून मेंदूला संदेश देणारे लेप्टिन हे संप्रेरक १९९४ मध्ये सापडले, तेव्हा ह्या भुकेला वाहक मिळाला. स्थूल व्यक्तींवरील २०११ च्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात, वजन उतरविल्यानंतर वर्ष लोटले तरी भूक वाढविणारी संप्रेरके पूर्वस्थितीला आलेली नव्हती. अमेरिकेतील दूरचित्रवाणीवरच्या वजन उतरविण्याच्या स्पर्धेतील १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत त्यांचा विश्रांतीकालीन चयापचय अपेक्षेहून दिवसाला सुमारे ५०० उष्मांकांनी कमी भरला. वजन बहुतेकांचे परत आले होते. देहाची काटकसर मात्र टिकून होती. म्हणजे मिनेसोटाची निवडविषयक मर्यादा मान्य करूनही, त्यातील मध्यवर्ती सूत्र स्थूल देहालाही काही अंशी लागू पडते असे म्हणणे भाग आहे. घटलेले वजन ही देहाच्या दृष्टीने पूर्ण झालेली गोष्ट नसते. ते येणे असते आणि देह ते वसूल करू पाहतो.

५

ह्या दोन ग्रंथांशेजारी चरकसंहितेतील सूत्रस्थानाचे दोन अध्याय ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. एकविसाव्या अध्यायात निंदित मानलेल्या आठ देहांत अतिस्थूल व अतिकृश दोन्ही येतात, आणि दोहोंची तुलना करून कार्श्य हे त्यांतल्या त्यात बरे ठरविले आहे. परंतु अतिकृशाला थंडी, ऊन, भूक, तहान, व्यायाम आणि औषध ह्यांपैकी काहीच सोसत नाही, हेही तेथेच सांगितले आहे. तेविसाव्या अध्यायात अपतर्पणाचे, म्हणजे पोषण तोडण्याचे, जे विकार दिले आहेत त्यांत बल, वर्ण व शुक्र ह्यांच्या क्षयाबरोबर उन्माद, प्रलाप आणि हृदयव्यथा येतात. शरीर व मन ह्यांची येथे एकच यादी आहे.

ह्याच यादीत श्रवणशक्तीचे दौर्बल्यही आहे, आणि येथे तिन्ही ग्रंथ एका इंद्रियापाशी येऊन परस्परविरुद्ध बोलतात. बँटिंगचे श्रवण सुधारले, मिनेसोटात ते तीक्ष्ण झाले, चरकाने ते क्षीण होते असे म्हटले. असे स्थळ आढळले की प्राचीनांना सर्व काही ठाऊक होते असे म्हणणारे ते वगळतात, आणि प्राचीनांना काहीच ठाऊक नव्हते असे म्हणणारे तेवढेच उद्धृत करतात. वास्तविक हे तीन निराळे देह आहेत. एक मेद उतरलेला वृद्ध, दुसरा सहा महिने अर्धपोटी राहिलेला तरुण, तिसरा रोगाने वा दीर्घ लंघनाने क्षीण झालेला रुग्ण. ‘वजन उतरल्याने श्रवणावर काय परिणाम होतो’ हा प्रश्नच त्यामुळे अपुरा ठरतो. कोणाचे, कोठून कोठवर, किती काळात, कोणत्या अन्नावर उतरले हे सांगितल्याखेरीज त्याला उत्तर नाही.

चरकाचे खरे वैशिष्ट्य ह्या एका लक्षणात नसून मांडणीत आहे. स्थौल्याच्या कारणांत तो नित्य हर्ष व निश्चिंतता ह्यांची गणना करतो, आणि उपचारांत जागरण व व्यायाम ह्यांच्या जोडीला चिंतन ठेवतो. उलट कार्श्याच्या कारणांत शोक व उपचारांत निद्रा, आनंद व मनाची शांती येतात. मन हे येथे वजनाच्या परिणामांत नव्हे, तर कारणांत व औषधांतही आहे. शिवाय अलीकडे क्षीण झालेला व दीर्घकाळ क्षीण असलेला ह्यांत तो भेद करतो. पहिला पोषणाने लवकर भरून येतो, दुसऱ्याच्या बाबतीत मात्र त्वरा करू नये, देह, अग्नी व काळ पाहून सातत्याने पोषण करावे, असे सांगतो. मिनेसोटाच्या संशोधकांना पुनर्भरणाचा जो प्रश्न पडला तोच प्रश्न येथे विचारलेला आहे. उत्तर सर्वस्वी एक नाही. मिनेसोटाने मुबलकतेवर भर दिला, चरकाने धिमेपणावर. तथापि कृश होणे हे परतीच्या वाटेसह समजून घ्यावे लागते, ह्याविषयी दोहोंत एकवाक्यता आहे. बँटिंगच्या पत्रात नेमकी ही परतीची वाट नाही.

६

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. सारखीच टक्केवारी असताना दोन कथा विरुद्ध झाल्या, त्याचे एक कारण देहांच्या आरंभबिंदूत आहे. बँटिंगजवळ गमावण्यासारखे साठवण होते. मिनेसोटाच्या तरुणांजवळ नव्हते. दुसरे कारण भुकेत आहे. एक तृप्त राहून उतरला, दुसरे सतत भुकेले होते. तिसरे कारण लेखनाच्या हेतूत आहे; एकाला पटवून द्यावयाचे होते, दुसऱ्यांना नोंदवावयाचे होते. पहिल्या दोन कारणांचा विचार वैद्यकाने करावा. तिसऱ्याचा विचार समीक्षेचे काम आहे.

हे काम आज केवळ पांडित्याचे राहिलेले नाही. दिवसाला १२०० ते १५०० उष्मांकांचे आहारतक्ते आज सहज वाटले जातात. देह, वय व श्रम ह्यांचा फरक लक्षात घेऊनही, मिनेसोटाने ज्या १५७० उष्मांकांना उपासमार म्हटले त्याहून हा आकडा लहान आहे, ही गोष्ट विसरता येत नाही. जलद वजन उतरल्यास पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो, काही महिन्यांनी केस मोठ्या प्रमाणावर गळतात, मेदाबरोबर स्नायूही झिजतात, हे वैद्यकाला ज्ञात आहे. सेमाग्लूटाइड ह्या औषधाला अमेरिकेत वजन उतरविण्यासाठी २०२१ मध्ये मान्यता मिळाली. भुकेवरच उपाय करणाऱ्या ह्या औषधाने मिनेसोटाचा प्रश्न सुटला असे वाटू शकेल. पण औषध थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोनतृतीयांश भाग परत आल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. स्थूलतेचे अपायही खरे आहेत आणि अनेकांसाठी वजन उतरणे हितावहच आहे. बँटिंगचा जिना व त्याच्या बुटाचे बंद ह्यांची साक्ष खोटी नाही. परंतु जो माणूस वजन उतरवू लागतो त्याच्या हाती बहुधा बँटिंगच्या साच्यातले लेखन पडते. मग थंडी वाजली, माणसे नकोशी झाली, अन्नाखेरीज दुसरे काही सुचेनासे झाले, की तो ह्या गोष्टींना आपल्या स्वभावाचा दोष समजतो; आणि वजन परत आले की आपल्या निश्चयाचा पराभव समजतो.

मिनेसोटाच्या तरुणांच्या निश्चयाविषयी शंका घेण्यास जागा नव्हती. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलाखतींत त्यांच्यापैकी अठरा हयात वृद्धांनी आपल्या सहभागाबद्दल अभिमानच व्यक्त केला. अशा माणसांचाही देहाने व मनाने जो पालट केला, तो निश्चयाच्या उणिवेतून आला नव्हता. अन्नाच्या उणिवेतून आला होता. कार्श्यावरील कोणत्याही लेखनाने हा भेद वाचकापुढे स्पष्ट ठेवला पाहिजे. ज्या लेखनात केवळ ‘पूर्वी’ व ‘नंतर’ आहेत आणि मधला काळ व परतीची वाट नाही, ते आकड्यांच्या दृष्टीने अचूक असले तरी अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणाची किंमत लेखक नव्हे, तर वाचक देतो.